सोंगपट विकला म्हणे

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत चहा यायचा आणि चहाच्या मागोमाग बातम्या. १९६३ च्या सप्टेंबरातल्या एका मंगळवारी गोदाबाईंनी बातमी आणली की सोंगपट विकला.

"विकला म्हणजे काय वो? दुकानात तं विकतच असतात," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"डबा नाही म्हणत मी. सारा खेळच विकला. नाव, ठसे, वह्या, सगळं. मुंबईच्या कंपनीनं घेतला. माह्या दिराले दादरले एकानं सांगतलं."

ललिता गवई खिडकीशी चाचणीचे पेपर तपासत बसली होती. तिची लाल पेन्सिल एका मुलीच्या उत्तरावर टेकली ती तिथंच राहिली. उत्तर बरोबर होतं. तिच्या हातून त्यावर फुली पडली, मग ती तिनं खोडली.

सोंगपट म्हणजे काय हे त्या काळी वऱ्हाडात फारसं कुणाला सांगावं लागत नसे. अमरावतीला रामराव नावाच्या गृहस्थांचा छापखाना होता, तिथून तो खेळ निघायचा. पुठ्ठ्याचा डबा, त्यात घडीचा पट, सात कवड्या आणि सोंगांच्या चिठ्ठ्या. खेळणाऱ्यानं डोळे मिटून चिठ्ठी काढायची. वाटाड्या आली तर तो वाटाड्या, वैदू आली तर वैदू, पाटील आली तर पाटील. पट मांडला आहे तोवर त्यानं तसंच बोलायचं, तसंच वागायचं. एक जण कथेकरी व्हायचा. त्याच्या हातात वही असायची आणि तो वाचून दाखवायचा, की आता समोर नदी आहे, पूर आहे, पलीकडून कोणी हाका मारतं आहे, बोला, काय करता? ज्यानं त्यानं आपापल्या सोंगाला साजेल ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. कवड्या म्हणतील ते खरं. दर वर्षी दिवाळीनंतर नवी वही निघायची आणि प्रवास पुढं सरकायचा. वहीवर लिहिणाऱ्याचं नाव असायचं 'वाटसरू'.

हा वाटसरू म्हणजे ललिता. हे रामराव सोडून कुणालाच माहीत नव्हतं, दर रविवारी ज्यांच्या घरी ती खेळायला जाई त्या गोदाबाईंनाही नाही. देवरावांना, म्हणजे तिच्या वडिलांना, एवढंच ठाऊक होतं की लेक अमरावतीच्या छापखान्यासाठी काहीतरी लिहिते.

सहा वर्षांपूर्वी, नोकरी नवीन असताना, तिनं त्या खेळासाठी पहिली वही लिहून पाठवली होती. तेव्हा सोंगपटात नुसता पट होता. राजा, प्रधान, शिपाई. आणि वडीलधाऱ्यानं राजा व्हायचं असा दंडक. ललितानं सोबत पत्र लिहिलं, की सोंग कुणी मागून घेऊ नये, कुणी वाटून देऊ नये, चिठ्ठी काढूनच घ्यावं. हे मान्य असेल तरच वही छापा. रामरावांनी मान्य केलं. नाव काय छापू विचारलं. लोक आधी आडनाव वाचतात आणि मग वही उघडायची की नाही ते ठरवतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं कळवलं, वाटसरू छापा.

आणि आता बातमी, की खेळ विकला.

पुढच्या महिनाभरात तिनं जेवढं ऐकलं तेवढं तिच्या डोक्यात मावेना. टिळक रोडवरचा खेळण्यांचा दुकानदार म्हणाला, मुंबईची नाही, इंदूरची कंपनी आहे, कॅलेंडरं छापते. गोदाबाईंच्या दिराचं दुसरं पत्र आलं, की कंपनी वह्या काढून टाकणार, नुसता पट ठेवणार, कवड्यांऐवजी फासे. पोस्टातले दोघं-तिघं दर शनिवारी खेळायचे, त्यांनी ऐकलं होतं की एक विडीवाला खेळ घेतो आहे आणि वाटाड्याच्या तोंडात विडी दाखवणार आहे. कुणी म्हणे रामराव गेले. कुणी म्हणे गेले नाहीत, पैसा घेऊन काशीला गेले.

"अन् वाटसरूनं बी हात मारून घेतला असन," गोदाबाई म्हणाल्या. "कंपनीनं मोठी रक्कम देल्ली असन त्याले. आता तो काहून लिहिते आपल्यासाठी!"

"कोण असन वो हा वाटसरू?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

"रिटायर फॉरेस्टवाला. मेळघाटातली एक एक पायवाट माहीत आहे त्याले. माह्या मनानं तं तो बुढा आता थकला."

ललिता मेळघाटात उभ्या जन्मात एकदाच गेली होती, तेही आत्याच्या लग्नाला आणि बैलगाडीत झोपून. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तिनं रामरावांना तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. एरवी रामराव उलट टपाली उत्तर देत. सप्टेंबर संपेपर्यंत ते नवी वही मागवून घेत. या वर्षी मागवली नव्हती. सातवी वही लिहून तयार होती, कपड्यांच्या पेटीत, साड्यांच्या खाली. सहावी वही जिथं संपली होती ती जागा साधी नव्हती. कौंडण्यपूरच्या यात्रेहून परतताना वर्धा नदीला पूर येतो, डोंगा उलटतो, चौघं काठाला लागतात आणि नावाडी दिसेनासा होतो. तिथंच वही संपली होती. वर्षभर लोक एकमेकांना विचारत होते, नावाडी वाचला का?

आता त्याचं उत्तर मुंबईत बसलेला कोणी देणार, किंवा कोणीच देणार नाही. आणि पुन्हा वडीलधाऱ्यानं राजा व्हायचं. हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त लागत होतं.

"तू आजकाल जेवत नाई बराबर," देवराव एक दिवस म्हणाले. ते कापसाच्या जिनात हमाली करून आता थकले होते आणि दारात बाजेवर बसून असत. "का झालं?"

तिनं पहिल्यांदा वडिलांना सगळं सांगितलं. वाटसरूचं, वह्यांचं, बातम्यांचं.

देवरावांनी ऐकून घेतलं. "तं तू जाऊन पाह्यलं का?"

"कुठं?"

"अमरावतीले. कंपनी मुंबईची का इंदूरची, इथं बसून कसं समजन? दिराले ईचारलं, दुकानदाराले ईचारलं, ज्याचा माल त्याले कोनी ईचारलंच नाई."

"पत्रं लिहिली ना बाबा मी."

"पत्राले पाय नसते बाई. तुले हाये."

दिवाळीची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ललिता सकाळच्या पॅसेंजरनं निघाली. सातवी वही तिनं पिशवीत टाकली. कशासाठी ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. बडनेऱ्याला गाडी बदलून ती अमरावतीला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. छापखाना तिनं कधी पाहिला नव्हता. फक्त पत्ता पाठ होता. दोनदा विचारून एका बोळात शिरली. आतून ट्रेडल मशीनचा खटाखटा आवाज येत होता. निदान काही चालू होतं.

दारातच एक सत्तरीचे गृहस्थ खुर्चीवर बसले होते. डोळ्यांवर हिरवी पट्टी.

"कोन?"

"मी ललिता गवई. अकोल्याहून."

म्हातारे घाईनं उठायला गेले आणि टेबलाचा कोपरा त्यांच्या मांडीला लागला. "अरे बापा! बाई, तुमी? बसा, बसा. तिथं स्टूल असन पाहा. मले दिसत नाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं दोन्ही डोयांचं, पंधरा दिस झाले. त्याच्या आंधी चार महिने अक्षर ओयखू येत नव्हतं."

"म्हणून पत्राचं उत्तर नाही आलं?"

"तुमची पत्रं हायेत. टपालवाल्यानं अकोल्याची म्हनून देल्ली, समदी हायेत, त्या खणात. दुसऱ्याजवळून वाचून घेतली असती तं तुमचं नाव त्याले समजलं असतं. तुमी सांगतलं होतं, नाव कोनाले सांगू नका. म्हनून ठेवली तशीच."

ललिता स्टुलावर बसली. इतके आठवडे ती या माणसावर मनातल्या मनात चिडली होती. तिची पत्रं न फोडता त्यानं खणात जपून ठेवली होती, तिनंच घातलेल्या अटीसाठी. रामरावांनी चाचपडत माठातलं पाणी काढलं, अर्धं बाहेर सांडलं, पेला तिच्या हातात दिला.

"मग विकला का खेळ?" तिनं विचारलं.

"विकला," रामराव म्हणाले.

तिनं पेला खाली ठेवला.

"मुंबईचा मानूस आला होता. खरं आहे ते. कोटबूट घालून. म्हने, वह्या नको, वह्यांनं खेळ लांबते, लोकायले घाई असते. मी म्हनलं, वऱ्हाडात कोनाले घाई आहे? तो हसला नाई. तिथंच समजलं मले, याले द्याचा नाई. पन माह्यानंही निभत नव्हतं. पोरगा नागपूरले सरकारी नोकरीत, त्याले छपाईच्या खिळ्याचा वासही चालत नाई. छापखाना भाचा पाह्यते. पन खेळाले कोनी तरी पाह्यजे ना, जीव लावनारा."

"मग कोणाला दिला?"

"तो पाहा ना, तो मशीनजवळ उभा आहे. खुशालराव!"

मशीनजवळून एक आडव्या बांध्याचा, पांढऱ्या टोपीतला माणूस पुढं आला. त्याच्या हातात ओल्या शाईची लेबलं होती, त्यावर संत्र्याचं चित्र. खुशालराव शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागा आणि व्यापार करणारा. दर वर्षी बहार तुटायच्या आधी पेट्यांवरची लेबलं छापून न्यायला तो या छापखान्यात येई.

"हे मालक," रामराव म्हणाले. "खुशालराव, या बाई वाटसरूच्या इकडून आल्या."

त्यांनी तिची अट अजून मोडली नव्हती.

खुशालरावानं लेबलं तिथंच टाकली. "वाटसरूकून? मंग सांगा मले आंधी. नावाडी मेला का?"

ललितानं पिशवीवर हात ठेवला.

"नाई, सांगाच तुमी. माही माय, तानुबाई, पंच्याहत्तर वर्साची. गेल्या वर्सी नावाड्याची चिठ्ठी तिलेच आली होती. डोंगा उलटला तं बुढी रडली. खरंच रडली. मंग म्हने, मी पोहून निंघतो, मले कवड्या द्या. मी म्हनलं, माय, वही संपली. म्हने, मंग दुसरी आन. आता दुसरी कुठून आनू? इथं आलो लेबलाले, तं हे म्हनते खेळ विकून राह्यलो, मुंबईवाला वह्या बंद करते. म्या म्हनलं, मंग माह्या मायनं नदीतच राह्याचं का? म्हनून घेतला."

"म्हणून घेतला?"

"नाई तं काय! मले काय समजते धंदा याच्यातला. संत्र्याचा समजते. माही माय चाळीस वर्सं कोनाचं आयकत नव्हती. दोन सालापयले आमच्या सालदाराले वैदूची चिठ्ठी आली अन् तिले तापाच्या रोग्याची. त्यानं म्हनलं, बाई, कडू काढा प्या, नाई तं पट सोडा. प्याली वो! खोटा खोटा का होईना, तोंड वाकडं करून प्याली. सारं घर हसून हसून लोयलं. असा खेळ बंद करू देऊ का मी?"

ललिताला काय होत होतं ते तिला कळेना. महिनाभर छातीवर जे बसलं होतं ते हललं आणि ते हलल्याबरोबर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, उन्हातून आल्यासारखं.

"वाटसरू मीच आहे," ती म्हणाली. "ललिता गवई. अकोल्याला शाळेत शिकवते."

मशीन खटखटत होतं. खुशालरावानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"तुमी? मले वाटे कोनी बुढा असन." मग जरा थांबून, "गवई म्हंजे… छप्पन साली नागपूरले गेले होते, त्यातले?"

"हो. दीक्षेला बाबांबरोबर मीही गेले होते."

तो गप्प झाला. फार वेळ नाही, पण झाला. त्या वेळात त्याच्या मनात काय आलं ते ललिताला समजलं नाही आणि पुढंही कधी समजलं नाही. ती पाठ ताठ करून बसली होती. असली स्तब्धता तिच्या ओळखीची होती. त्यानंतर माणसं आवाज बदलून बोलतात.

खुशालरावाचा आवाज बदलला नाही. "तं मंग नाव काहून लपवलं?"

"लोक आधी नाव वाचतात. मग बाकीचं वाचतच नाहीत."

"सहा वह्या वाचल्या ना लोकायनं. पाठ केल्या. आता वाचू द्या नाव. न वाचून जातीन कुठं? नावाडी तं नदीत आहे."

रामराव पट्टीखालून हसले. "मी सहा वर्सं हेच म्हनत होतो."

"तुम्ही म्हणाला नाहीत कधी," ललिता म्हणाली.

"मनात म्हनत होतो."

तिनं पिशवीतून वही काढली. खुशालरावानं हात पुढं केला तशी ती मागं घेतली. "आधी सांगा, काय काय बदलणार आहात?"

"बदलाचं काय? हं, एक आहे. एक बदलाचं आहे."

तिनं वही छातीशी धरली. "काय?"

"डब्यावर संत्रं पाह्यजे. मोठं. शेंदूरजन्याचं संत्रं, पानासकट."

"संत्रं?"

"एवढंच. आता मी मालक आहो, तं माही काई तरी निशानी नको?"

"आणि सोंगं? चिठ्ठी काढूनच?"

"चिठ्ठी नसन तं मंग मजा काय? माह्या घरी मीच दर वेळा राजा झालो असतो. बायकोनं पट चुलीत घातला असता."

ललिता हसली. मोठ्यानं, छापखान्यात, तीन पुरुषांसमोर. भाचाही मशीन थांबवून पाहू लागला. तिनं वही खुशालरावाच्या हातात दिली. तो शेवटची पानं उलटायला लागला तसा तिनं त्यावर तळहात ठेवला.

"शेवट नाही पाहायचा."

"मी मालक आहो!"

"मालक खेळाचे. खेळायला बसाल तेव्हा खेळणारे. कथेकऱ्यानंच वाचायची असते वही."

"मंग मायले काय सांगू घरी जाऊन?"

ललितानं विचार केला. "सांगा, पाणी उतरलं आहे. आणि काठावर कोणीतरी विस्तव पेटवला आहे."

खुशालरावानं वही बंद करून दोन्ही हातांनी धरली. "पेटवला ना? बस. बुढी झोपते आता."

जेवायच्या वेळेला रामरावांच्या घरून डबा आला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. चौघं छापखान्याच्या ओट्यावर एकाच डब्यातून जेवले. ललितानं सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तिनं तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी रामरावांनी न बघता तिच्या पुढ्यात टाकली तीही खाल्ली. पहिल्या पानावर नाव कसं छापायचं यावर खुशालरावाचं आणि भाच्याचं भांडण झालं. भाचा म्हणाला बारीक खिळा, खुशालराव म्हणाला जाड. शेवटी जाड ठरला.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूरच्या आधीच तिचा डोळा लागला. गेल्या कित्येक आठवड्यांत तिला अशी झोप आली नव्हती. अकोला आल्यावर समोरच्या बाईनं हलवून उठवलं.

सातवी वही डिसेंबरात निघाली. डब्यावर संत्रं होतं, जरा जास्तच मोठं, पहिल्यांदा पाहणाऱ्याला फळांचाच डबा वाटावा असं. आत जाड खिळ्यात छापलं होतं: लेखिका, ललिता देवराव गवई.

देवरावांनी वही हातात घेतली, आपलं नाव कुठं आहे ते विचारलं, बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "माहं नाव काहून टाकलं? म्या काय लिवलं?" पण त्या दिवसापासून गल्लीत वही कोणी मागितली तर ते आधी पहिलं पान उघडून देत.

शाळेतलं प्रकरण एवढं सोपं गेलं नाही. गोदाबाई दोन दिवस ललिताशी बोलल्या नाहीत. भूगोलाच्या बाई आधी अवाक झाल्या, मग अभिनंदन करून त्यांनी पुन्हा अवाक झाल्याचं सांगितलं. दुकानदाराकडं एक-दोन जणांनी डबा परत केला, असंही कानावर आलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, दुकानदारानं विचारलं नाही. ललिताला वाईट वाटलं, पण तिला भीती होती तेवढं नाही. नवे डबे मात्र संक्रांतीपर्यंत उरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गोदाबाईंनी तिला वर्गाच्या दारात गाठलं.

"पाच वर्षं तू रविवारी माह्या घरी आमच्यासंगं खेळाले बसली. चिठ्ठ्या काढल्या, कवड्या टाकल्या. अन् तुले सगळं ठाऊक होतं!"

"सगळं नव्हतं ठाऊक बाई. कवड्या कशा पडतील ते मला कसं ठाऊक असणार?"

"अन् मी तुह्या तोंडावर तुले बुढा म्हटलं. थकलेला बुढा."

"फॉरेस्टवाला म्हटलं होतं. मला आवडलं ते."

गोदाबाईंनी हसू दाबलं, पण ते दाबलं गेलं नाही. "लबाड आहेस तू," त्या म्हणाल्या. "रविवारी ये. चार वाजता. यावेळी तू कथेकरी, मी ऐकतो. अन् लवकर ये बाई, माही सासू सकाळपासून पट मांडून बसते."

ललिता त्या रविवारी साडेतीनलाच पोचली.